जुन्या मोटारीची टिकटिक आणि निळा धूर

जुनी मोटार बिघडू लागली म्हणजे ती आपले गाऱ्हाणे दोन वाटांनी सांगते. एक वाट कानाची व दुसरी डोळ्याची. बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी टिकटिक ऐकू येऊ लागते; आणि सकाळी गाडी सुरू करताच मागच्या नळीतून निळसर धुराचा एक लोट निघतो व फाटकापाशी क्षणभर रेंगाळतो. ही दोन लक्षणे दिसताच घरात चिंतेचे वातावरण पसरते. कोणी म्हणतो, इंजिन संपले. कोणी म्हणतो, आता ही मोटार विकून टाकलेली बरी. आणि मिस्त्री घाईचा असला तर इंजिन पूर्ण खोलण्याचा सल्ला देऊन मोकळा होतो.

वस्तुतः ह्या दोन लक्षणांचे मूळ पुष्कळदा अगदी लहान वस्तूंत असते. टिकटिकीचे मूळ कागदाएवढ्या जाडीच्या एका फटीत, आणि धुराचे मूळ अंगठ्याच्या पेरापेक्षाही लहान अशा रबरी टोपीत. निदान बरोबर झाले तर एका दिवसाच्या कामाने भागते. ते चुकले तर चांगले पिस्टन व चांगल्या रिंगा विनाकारण बाहेर येतात, पैसा जातो, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. उलट लक्षणाकडे कानाडोळा केला तर लहान दोष वाढत जाऊन झडप जळते किंवा कॅमशाफ्ट झिजून जातो. म्हणून खर्च ठरविण्यापूर्वी निदान झाले पाहिजे, आणि निदानाचा पुष्कळसा भाग गाडीच्या मालकालाही करता येण्याजोगा आहे.

आज ह्या विषयाला एक वेगळेच महत्त्व आले आहे. अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी त्याच्याही आधी बंद झाली होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. ह्या गाड्या रोज हाताळून ज्यांचे कान तयार झाले होते, अशा मिस्त्र्यांची पिढीही त्याबरोबर मागे पडत चालली आहे. ज्या गाड्या उरल्या आहेत त्या बहुधा घरोघरी मायेने जपलेल्या, वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातच्या आहेत. त्यांना कसलेला मिस्त्री दरवेळी मिळेलच असे नाही. तेव्हा मालकानेच आपले कान व डोळे थोडे शिकवून ठेवणे हिताचे आहे.

प्रथम यंत्राची रचना थोडक्यात पाहू जाता असे दिसते, की प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर निदान दोन झडपा असतात. गॅरेजच्या भाषेत हेच व्हॉल्व्ह. एक पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारी इनलेट झडप, दुसरी जळलेला वायू बाहेर सोडणारी एक्झॉस्ट झडप. ह्या झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा फिरून वर आला की तो टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला, आणि रॉकरचे दुसरे टोक झडपेची दांडी खाली दाबते. उंचवटा निघून गेला की स्प्रिंग झडपेला ओढून पुन्हा बैठकीवर बसविते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते. म्हणजे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी मंद चालत असता प्रत्येक झडप मिनिटाला ४०० वेळा उघडते व मिटते. आणि ३,००० फेऱ्यांवर हीच गती सेकंदाला २५ वेळा होते.

ह्या साखळीत एक अडचण आहे. इंजिन तापले म्हणजे झडपेची दांडी लांबते. साखळीत जराही जागा ठेवली नाही, तर लांबलेली दांडी रॉकरला टेकून राहील व झडप पूर्ण मिटणारच नाही. म्हणून रॉकर व दांडी यांच्यामध्ये मुद्दाम बारीक फट ठेवतात. अँबॅसडरचे १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्या बी-सिरीज कुळातले, त्याच कुळातल्या एमजीबी ह्या ब्रिटिश मोटारीत थंड इंजिनावर ही फट ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर ठेवावी असे सांगितलेले आहे. इतर गाड्यांचे आकडे वेगळे असतात, आणि पुष्कळदा एक्झॉस्ट झडपेची फट इनलेटपेक्षा अधिक असते. आकडा ज्या त्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावा, कारण अंदाजाने बसविलेली फट इंजिनाला मानवत नाही. फट असली की प्रत्येक फेरीत रॉकर दांडीवर किंचित आपटणारच. तेव्हा अशा इंजिनाची मंद, एकसारखी टिकटिक ही रोगाची खूण मानण्याचे कारण नाही.

ही टिकटिक मुळातच नाहीशी व्हावी ह्या हेतूने हायड्रॉलिक टॅपेटची योजना झाली. १९३० साली बाजारात आलेल्या कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरांच्या मोटारीत ही युक्ती वापरलेली होती, आणि त्या मोटारीच्या शांत चालीचे तेव्हा मोठे कौतुक झाले. पुढे अमेरिकन मोटारींत ती सर्रास रूढ झाली व तेथून जगभर पसरली. ह्या टॅपेटच्या पोटात एक लहानसा दट्ट्या, त्याच्याखाली हलकी स्प्रिंग, आणि तेलाला आत येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी एक गोळीची झडप असते. इंजिनाच्या दाबाखालचे तेल आत शिरते, दट्ट्या उचलला जातो, आणि जेवढी फट असेल तेवढी भरून निघते. उंचवटा वर येताच गोळी तेलाची वाट बंद करते. कोंडलेले तेल दबत नाही, म्हणून सारा टॅपेट भरीव असल्यासारखा वागतो. दट्ट्या व त्याचे कवच यांच्यामधील जागा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच असते. ह्यावरून तेल स्वच्छ असणे किती आवश्यक आहे हे ध्यानात यावे.

आता निदानाकडे वळता पहिला प्रश्न असा, की ऐकू येणारा आवाज टॅपेटचाच आहे काय? त्याची ओळख त्याच्या ठेक्यावरून होते. झडपांचा आवाज इंजिनाच्या निम्म्या गतीने येतो. तो हलका, कोरडा, धातूवर धातू टिचल्यासारखा असतो, आणि इंजिनाच्या वरच्या भागातून येतो. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचे पाते रॉकरच्या झाकणावर ठिकठिकाणी टेकवावे व मूठ कानामागच्या हाडाला लावावी. वैद्याने छातीवर नळी ठेवावी तसाच हा प्रकार आहे. जेथे आवाज सर्वांत तीक्ष्ण, तेथे दोषी झडप जवळ आहे असे समजावे. हे करताना पंखा, पट्टा व सैल कपडे यांच्याकडे लक्ष असावे. ओढणी किंवा सदऱ्याची बाही पंख्यात अडकली तर निदान महागात पडते.

टॅपेटचे सोंग घेणारे आवाज पुष्कळ आहेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली असली तर तिच्यातून सुटणारा वायू अगदी टॅपेटसारखाच टकटकतो. पण इंजिन थंड असता तो मोठा असतो, धातू तापून फुगला की फट बुजते व आवाज मंदावतो, आणि जोडापाशी काजळीची रेघ उमटलेली दिसते. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असता आवाज जड, खोल व खालच्या बाजूचा असतो, आणि इंजिनावर भार पडला की वाढतो. झिजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन हेलकावत असला तरी थंडपणी ठकठक होते. ह्यांतून वेगळे काढण्याची जुन्या पद्धतीच्या इग्निशनच्या गाडीत एक सोपी रीत आहे. एकेका प्लगची तार कोरड्या, विजेपासून सुरक्षित अशा पकडीने काढून ती इंजिनाच्या धातूला टेकवावी, म्हणजे त्या सिलिंडरमधील स्फोट थांबतो. तेवढ्याने आवाज बदलला किंवा नाहीसा झाला तर दोष रॉडचा वा पिस्टनचा होय; आवाज तसाच राहिला तर तो झडपांच्या साखळीचा होय. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत मात्र हा प्रयोग करू नये. दोन्ही वस्तू त्याने बिघडू शकतात.

आवाज टॅपेटचा ठरला आणि इंजिन भरीव टॅपेटांचे असले, तर फिलर गेज घेऊन फटी मोजाव्यात. चार सिलिंडरांच्या व आठ झडपांच्या बी-सिरीजसारख्या इंजिनांसाठी मिस्त्री लोक नऊचा एक सोयीचा नियम वापरतात. पुढून मागे झडपांना एक ते आठ असे क्रमांक द्यावेत. जी झडप पूर्ण उघडलेली असेल तिचा क्रमांक नवातून वजा करावा. जी संख्या उरेल त्या क्रमांकाची झडप त्या वेळी पूर्ण मिटलेली असते व तिची फट मोजता येते. आठवी उघडी असता पहिली, सहावी उघडी असता तिसरी, चौथी उघडी असता पाचवी, असा हा क्रम चालतो. गेजची पट्टी किंचित अडखळत, पण ओढून न घेता सरकली पाहिजे.

येथे एक फसवणूक संभवते. वर्षानुवर्षे आपटून रॉकरच्या तोंडाला दांडीच्या माथ्याएवढा खळगा पडतो. सरळ पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी राहते, आणि गेज जी फट दाखविते तिच्याहून खरी फट मोठी असते. फट पुस्तकाप्रमाणे बसवूनही टिकटिक जात नसेल तर रॉकरचे तोंड तपासावे. तेही ठीक असेल तर रॉकर ज्या दांड्यावर हलतो तो दांडा व त्याचा बुश पाहावा. तेथेही दोष नसेल तर कॅमशाफ्टचा उंचवटा झिजला आहे काय हे पाहावे: डायल गेज लावून प्रत्येक झडप किती उचलली जाते ते मोजावे, आणि एखादी झडप आपल्या जोडीदारांपेक्षा स्पष्टपणे कमी उचलली जात असेल तर दोष तेथे आहे असे निश्चित समजावे.

आवाज बंद व्हावा म्हणून फट कमी करून देणारे काही मिस्त्री आढळतात. गाडी तात्पुरती गप्प होते आणि मालक खूश होतो. पण हा उपाय रोगाहून घातक आहे. एक्झॉस्ट झडपेचे तोंड चालत्या इंजिनात लालभडक होण्याइतके तापते, आणि त्या उष्णतेचा बहुतांश भाग झडप बैठकीवर टेकलेली असते तेवढ्याच वेळात बैठकीवाटे हेडमध्ये निघून जातो. फट नाहीशी झाली तर झडप नीट टेकत नाही, उष्णता निघून जात नाही, आणि तिच्या कडेला जळून चीर पडते. म्हणून जुन्या मिस्त्र्यांचा अनुभव असा, की जो टॅपेट थोडा बोलतो तो सुखी असतो.

ह्याच कारणामुळे जुन्या गाडीत आवाज आपोआप कमी होणे हीदेखील काळजीची गोष्ट ठरू शकते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालीत असत. त्याच्या राखेचा पातळ थर झडप व बैठक यांच्यामध्ये बसून दोघींचे रक्षण करी. प्रकृतीला अपायकारक असल्यामुळे भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाली, आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या जुन्या इंजिनांच्या बैठका हेडच्या मूळ ओतीव लोखंडातच कोरलेल्या आहेत, त्यांत जोराने व दीर्घकाळ गाडी हाकल्यास बैठक हळूहळू झिजून झडप हेडमध्ये रुतू लागते. झडप जितकी वर जाईल तितकी तिची दांडी रॉकरकडे सरकते, फट आकुंचित होते, आणि टिकटिक मंदावत जाते. मालकाला वाटते गाडी सुधारली. प्रत्यक्षात एक्झॉस्ट झडप जळण्याच्या वाटेला लागलेली असते. अशा गाडीच्या फटी ठरावीक अंतराने मोजून वहीत नोंदवाव्यात. फट प्रत्येक वेळी त्याच बाजूने कमी होत असेल तर हेड काढून कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे हाच खरा उपाय होय.

हायड्रॉलिक टॅपेटांच्या इंजिनात निदानाची किल्ली आवाजाच्या वेळेत असते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच काही क्षण टिकटिक झाली व थांबली, तर चिंता नको. इंजिन थांबले तेव्हा ज्या झडपा उघड्या होत्या, त्यांच्या स्प्रिंगनी टॅपेटमधील तेल हळूहळू पिळून काढलेले असते. ते पुन्हा भरले की आवाज जातो. आवाज कित्येक मिनिटे टिकू लागला तर जुने, घट्ट किंवा चुकीच्या जातीचे तेल अथवा टॅपेटमधील चिकट मळ हे कारण संभवते. एकच टॅपेट अधूनमधून बोलत असेल तर त्याच्या गोळीखाली कचरा अडकला असावा. इंजिन पूर्ण तापल्यावर मंद चालीत सर्वच टॅपेट बोलू लागले तर एकेका टॅपेटला दोष देण्यात अर्थ नाही. तेलाचा दाब मोजावा. गाडीतील लाल दिवा ह्या कामी पुरेसा नाही, कारण दाब फारच उतरल्याशिवाय तो पेटत नाही. गेज जोडूनच खरा आकडा कळतो. आणि मंद चालीत शांत असलेले इंजिन वेगात बोलू लागले तर तेलात हवा मिसळते आहे असा संशय घ्यावा.

तेलात हवा मिसळण्याची कारणे परस्परविरुद्ध आहेत ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. तेल कमी असले तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. आणि तेल प्रमाणाबाहेर भरले तर फिरता क्रँकशाफ्ट त्याला रवीसारखा घुसळून फेस करतो. फेस दबतो, म्हणून टॅपेट भरीव राहत नाही. तेव्हा पहिले काम म्हणजे गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी तेलाची पट्टी काढून पाहणे. ह्या कामाला पैसा लागत नाही, आणि कित्येक वेळा रोग येथेच सापडतो.

तेलाच्या निवडीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. जुन्या इंजिनांत कॅमचा उंचवटा टॅपेटच्या सपाट तोंडावर घासत जातो, व त्या जागी दाब अतिशय असतो. जस्त व फॉस्फरस यांचे एक संयुग तेलात मिसळलेले असते, ते तेथे रक्षक थर तयार करते. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो म्हणून नव्या तेलांत त्याचे प्रमाण घटविण्यात आले. २००४ साली आलेल्या एपीआय एसएम दर्जात पातळ जातीच्या तेलांसाठी ते ०.०८ टक्क्यांवर मर्यादित झाले. नवे, महाग तेल जुन्या इंजिनाला मानवेलच असे म्हणूनच नसते. जुन्या सपाट टॅपेटच्या गाडीसाठी मुद्दाम केलेले तेल, पुस्तकात सांगितलेल्या घट्टपणाचे, घेणे श्रेयस्कर.

आता धुराचा विचार. धुराचा रंग पाहणे ही पहिली पायरी. पांढरी, लगेच विरणारी वाफ थंडीच्या सकाळी स्वाभाविक असते. ती टिकून राहिली व रेडिएटरचे पाणी घटू लागले तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. काळा धूर जास्त पेट्रोलचा. निळा, डोळ्यांना झोंबणारा व जळक्या तेलाचा वास असलेला धूर मात्र तेल जळत असल्याची साक्ष देतो. ते तेल सिलिंडरमध्ये दोन मुख्य वाटांनी पोचते: खालून पिस्टनच्या रिंगांवरून, किंवा वरून झडपेच्या दांडीवरून. खालची वाट म्हणजे मोठे काम. वरची वाट म्हणजे बहुधा लहान. म्हणून वाट ओळखण्यातच सारे मर्म आहे.

झडपेची दांडी गाईड नावाच्या नळीतून वरखाली होते. तिला थोडे तेल लागतेच, पण अधिक तेल आत झिरपू नये म्हणून गाईडच्या माथ्यावर रबरी सील बसवितात. काही जुन्या इंजिनांत ती दांडीबरोबर हलणाऱ्या छत्रीसारखी असते, काहींत दांडीवर नुसती रबराची कडी असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक होते, तडकते, आणि शेवटी त्याचे तुकडे तेलात पडतात. ठिसूळ झालेले सील बोटाने दाबले असता बिस्किटासारखे मोडते.

सील गेली असता धूर केव्हा दिसतो हे पाहावे. रात्रभरात हेडवर साठलेले तेल थेंबाथेंबाने गाईडमधून उतरून झडपेवर व सिलिंडरमध्ये जमते. सकाळी इंजिन सुरू होताच ते जळते, निळा लोट निघतो, आणि मिनिटाभरात हवा स्वच्छ होते. दुसरा प्रसंग सिग्नलचा: गाडी बराच वेळ मंद चालीत उभी राहिली व मग निघाली की धुराचा झोत येतो. तिसरी व सर्वांत बोलकी परीक्षा घाटाची. खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना चालक पाय काढून घेतो व गाडी गिअरमध्ये ठेवतो. थ्रॉटल मिटलेला, इंजिन मात्र वेगात फिरत असलेले. अशा वेळी इनलेट मॅनिफोल्डमधील पोकळी सर्वाधिक असते आणि ती इनलेट झडपांच्या गाईडमधून तेल शोषून घेते. घाट संपल्यावर चालकाने पुन्हा पाय दाबला की मागच्या गाडीला निळा ढग दिसतो. ह्याउलट रिंगा झिजलेल्या गाडीचा धूर घाट चढताना, भार पडलेला असताना एकसारखा निघतो. मागच्या गाडीत बसलेल्या जाणत्या माणसाने चढ व उतार दोन्ही पाहिले तर अर्धे निदान रस्त्यावरच होते.

उरलेल्या अर्ध्यासाठी उपकरणे लागतात. इंजिन तापवून, सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. जेथे आकडा कमी आला त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा ठळकपणे वाढला तर रिंगा सैल आहेत, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर झडपा नीट बसत नाहीत. आणि सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन उत्तम असून तेल जळत असेल तर सील व गाईड यांच्यावर संशय पक्का होतो. कारण सील कॉम्प्रेशन राखण्याच्या कामात नसतेच. तेल भरण्याचे झाकण काढून पाहावे: तेथून वायूचे जोरदार फुत्कार येत असतील तर रिंगांचा दोष, शांत असेल तर वरच्या वाटेचा. प्लगही बोलका साक्षीदार आहे. एकाच बाजूवर, इनलेट झडपेकडच्या अंगाला, साचलेली राख वरून येणाऱ्या तेलाची खूण असते.

व्हॅक्यूम गेज हे जुन्या मिस्त्र्यांचे आवडते उपकरण. ते मॅनिफोल्डला जोडले असता निरोगी इंजिनात मंद चालीवर काटा सुमारे १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. हा आकडा समुद्रसपाटीचा होय. दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच कमी धरावा. म्हणजे मुंबईत १९ दाखविणारी गाडी पुण्यात १७ च्या आसपास दाखवील, आणि त्यासाठी तिला आजारी ठरविण्याचे कारण नाही. आकड्यापेक्षा काट्याची चाल महत्त्वाची. मंद चालीत काटा झरझर थरथरतो पण वेग वाढताच स्थिर होतो, तर गाईड झिजल्या आहेत. वेग वाढल्यावरच तो जोराने हलू लागला तर झडपांच्या स्प्रिंगा दुबळ्या झाल्या आहेत. ठरावीक ठेक्याने तो दर वेळी खाली पडत असेल तर एखादी झडप जळली वा गळत आहे.

सील बदलण्यापूर्वी आणखी दोन निरपराध दिसणारे गुन्हेगार तपासून घ्यावेत. क्रँककेसमधील वायू इनलेटकडे नेणारी एकमार्गी झडप, म्हणजे पीसीव्ही, बिघडली तर तेलाची वाफ सरळ आत ओढली जाते. आणि हेडवरून तेल खाली परत जाण्याची भोके मळाने बुजली असली, तर तेल गाईडभोवती तळ्यासारखे साचते व नवे सीलही त्याला पुरे पडत नाही. रॉकरचे झाकण काढल्यावर कोपऱ्यांत काळा गाळ दिसला तर आधी ही भोके मोकळी करावीत.

सील बदलण्यासाठी पुष्कळ इंजिनांत हेड काढावे लागत नाही. स्प्रिंग काढली की झडप सिलिंडरमध्ये पडण्याची भीती असते. तिला वर रोखून धरण्यासाठी प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडतात, किंवा मऊ दोरी आत भरून क्रँक हलकेच फिरवितात, म्हणजे पिस्टन त्या दोरीला झडपांवर दाबून धरतो. स्प्रिंग निघाल्यावर झडपेची दांडी बोटांनी आडवी हलवून पाहावी. ती ठळकपणे डुलत असेल तर गाईड झिजलेली आहे, आणि तिच्यावर बसविलेले नवे सील काही महिन्यांतच फाटेल. त्या वेळी हेड काढून गाईड बदलणे व झडपा नव्याने बसविणे हेच काटकसरीचे ठरते. नवे सील घेताना रबराची जातही पाहावी. जुन्या नायट्राइलपेक्षा व्हिटॉन जातीचे रबर अधिक उष्णता सोसते व अधिक काळ नरम राहते.

टिकटिक आणि धूर हे दोन वेगळे रोग असले तरी त्यांचे एक नाते आहे, व ते जोडणारा धागा तेलाचा. सीलमधून तेल थोडे थोडे जळते, मालक पट्टी पाहत नाही, तेलाची पातळी उतरते, पंप हवा ओढू लागतो, आणि मग हायड्रॉलिक टॅपेट बोलू लागतात. अशा गाडीत टॅपेट बदलून आवाज जात नाही; धुराचे कारण काढले की आवाजही शांत होतो. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने एक लहान वही ठेवावी व तीत किलोमीटर, घातलेले तेल, मोजलेल्या फटी आणि धूर दिसल्याची वेळ लिहीत जावे. महिनाभरात दोनदा तेल घालावे लागले ही गोष्ट स्मृतीतून निसटते, कागदावरून निसटत नाही. मिस्त्र्यासमोर अशी वही ठेवली म्हणजे त्यालाही अंदाजाने बोलण्याचा मोह राहत नाही; आणि प्रामाणिक मिस्त्र्याला तर ती वही मोठीच मदत करते.

परीक्षेचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. आधी तेलाची पट्टी, मग कान, मग रस्त्यावरील धूर, त्यानंतर फिलर गेज, कॉम्प्रेशन व व्हॅक्यूम, आणि सर्वांत शेवटी पाना. हा क्रम पाळला तर बहुसंख्य गाड्यांचे इंजिन खोलावे लागत नाही, आणि ज्यांचे खोलावे लागते त्यांचे नेमके जेथे दुखते तेथेच खोलले जाते. पन्नास वर्षे घराची सेवा केलेल्या मोटारीला तिच्या म्हातारपणी एवढी न्याय्य तपासणी मिळाली, तर ती आणखी कित्येक पावसाळे घरच्या माणसांना सुखरूप घाट चढवील व उतरवील.